काकडीच्या रांगेतलं नाटक

कथेतले आईवडील शेतमजूर दाखवू नयेत, त्यांचा धंदा बदलावा, असा शेरा आला तेव्हा आमचं पुस्तक छापायला जायला थोडेच आठवडे उरले होते. माझा बॉस ग्रेग शेऱ्यांचा रिपोर्ट घेऊन माझ्या क्युबिकलपाशी आला. लेखिकेला फोन कर आणि बापाला दुकानदार करायला सांग, म्हणाला. छोटंसं दुकान, त्यात काय एवढं.

कथा मेक्सिकन-अमेरिकन शेतमजुरांची होती. तिच्यातून शेतमजूर काढायचे म्हणजे साबुदाण्याच्या खिचडीतून साबुदाणा वेचून टाकायचा.

ही गोष्ट २००५ ची. नवऱ्याच्या नोकरीमागे मी नागपूरहून ओहायोतल्या डब्लिनला आले होते. इंग्रजीतली एम. ए. ची डिग्री बॅगेत पडून होती, ती शाळेची पुस्तकं काढणाऱ्या एका कंपनीत कामी आली. मी तिथे एडिटर होते. आठवीच्या मुलांसाठी कथा-कवितांचं एक जाडजूड पुस्तक करायचं काम माझ्याकडे होतं. इकडे त्याला अँथॉलॉजी म्हणतात. वजनाला पाट्याशी स्पर्धा करेल असं प्रकरण.

अशा पुस्तकातला प्रत्येक धडा छपाईआधी बायस रिव्ह्यूला जातो. म्हणजे वेगवेगळ्या राज्यांतले शिक्षक आणि मुख्याध्यापक तो वाचतात आणि कुठल्याही समाजाला ठरावीक साच्यात बसवलेलं नाही ना, हे बघतात. पूर्वीच्या पुस्तकांत काही लोक कायम नोकर, काही कायम चोर असायचे. त्यामुळे नियम आला तो भल्यासाठीच. मेक्सिकन माणूस शेतात राबताना दाखवला की लाल शेरा, असं त्याचं आता झालं होतं.

लेखिकेचं नाव एस्टेला. वायव्य ओहायोतल्या एका शाळेत ती काउन्सेलर होती आणि कथा तिच्या लहानपणावरची होती. दक्षिण टेक्ससमधलं एक कुटुंब दर वर्षी शाळा संपायच्या आतच गाडीच्या टपावर गाद्या बांधून निघतं. ओहायोत काकड्यांची तोडणी करतं आणि परत पोचतं तेव्हा पुढचं वर्ष सुरू होऊन गेलेलं असतं. त्या वर्षी मुलीला वर्गाच्या नाटकात मोठं काम मिळालेलं असतं. पण नाटकाच्या आधीच घरचे निघतात आणि तिचं काम दुसरीला जातं. मग काटेरी वेलांत वाकून काकड्या तोडताना ती आपली सगळी वाक्यं मोठ्याने म्हणत राहते. पलीकडच्या रांगेतल्या आईला इंग्रजी येत नाही. ती आपल्या भाषेत एवढंच म्हणते, "जोरात म्हण. इकडे ऐकू येत नाही." कथा तिथे संपते. पहिल्यांदा वाचली तेव्हा मी ऑफिसात रडले होते.

मी एस्टेलाला फोन केला. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"दुकान कोणाचं?" तिने विचारलं.

"तुमच्या वडिलांचं."

"मग आम्ही काकड्या कशाला तोडतोय?"

तिने बदल करायला नकार दिला. तिच्या शाळेतली काही मुलं दर वर्षी हंगाम संपला की एका सोमवारी येईनाशी होतात. टपावर गाद्या बांधलेली आपली गाडी त्यांना एकदा तरी शाळेच्या पुस्तकात दिसावी, म्हणून तिने कथा दिली होती. तसं होणार नसेल तर कथा परत द्या, म्हणाली. दुकानदारांच्या मुली पुस्तकांत पुष्कळ असतात.

ग्रेगने खांदे उडवले. कथा काढ, तिथे एखादी पावसावरची कविता टाक, म्हणाला. मी स्वभावाने भांडखोर नाही, पण नागपूरची आहे. शेरा कोणी मारला ते मला माहीत होतं. टेक्ससमधल्या एका मिडल स्कूलच्या प्रिन्सिपल, मिसेस गार्झा. बाईंना शेत म्हणजे काय ते माहीत नसणार, अशी मनाशी खात्री करून आणि चार खमंग वाक्यं तयार ठेवून मी त्यांना फोन लावला.

"माझे आईवडील कांदे काढायचे," त्या म्हणाल्या. "मीसुद्धा काढलेत."

माझी चारही वाक्यं फुकट गेली.

त्या पुढे बोलत होत्या. त्यांच्या लहानपणी वर्गात असाच एक धडा आला होता. सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. टीचरने त्यांना उभं करून कांदे कसे काढतात ते सांगायला लावलं. "माझी मुलगी पुढच्या वर्षी आठवीत जाईल," त्या म्हणाल्या. "तिच्याकडे माना वळलेल्या मला नकोत." कथा वाईट आहे असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही.

आता आली का पंचाईत. दोघींचंही खरं होतं.

त्या संध्याकाळी मी घरी दुसऱ्या एका कथेची प्रुफं तपासत होते. ती आमच्या पुस्तकातली एकमेव भारतीय कथा. डॉक्टर आईवडिलांची हुशार मुलगी स्पेलिंगच्या स्पर्धेत पहिली येते. ती शोधायला मी फार खटपट केली होती आणि गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या सगळ्यांना सांगूनही बसले होते. रिव्ह्यूत तिच्यावर एकही शेरा नव्हता. माझी मुलगी सईही पुढच्या वर्षी आठवीतच जाणार होती. तिने पानं उचलून वाचली आणि खाली ठेवली.

"आवडली?" मी विचारलं.

"आई, नो. आता एव्हरीबडी विल थिंक मी पण अशीच आहे. आय कान्ट स्पेल."

हे खरंच होतं. सईचं स्पेलिंग दिव्य होतं. चांगल्या साच्याला कोणी लाल शाई लावत नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं. आम्हाला तो साचा आवडत होता, म्हणून तो आम्हाला साचा वाटत नव्हता.

रिव्ह्यूअर आणि लेखक यांची गाठ घालून देत नाहीत, तशी पद्धत आहे. पण मिसेस गार्झांनीच लेखिकेशी बोलायची तयारी दाखवली आणि ग्रेग नाइलाजाने हो म्हणाला. कॉन्फरन्स कॉलवर त्यांनी आपला कांद्याचा धडा पुन्हा सांगितला. एस्टेलाने स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारलं. गार्झांनी उत्तर दिलं. दोघी बोलत राहिल्या, मध्येच हसल्याही. ग्रेगला आणि मला ओ की ठो कळत नव्हतं. ग्रेग घड्याळ बघत होता.

अखेर गार्झा इंग्रजीत आल्या. "या पुस्तकात आमची आणखी कुठली कथा आहे?"

मी अनुक्रमणिका बघितली. बघायची गरज नव्हती. "एवढीच."

"मग माझी तक्रार कथेबद्दल नाही," त्या म्हणाल्या. "एकाच मुलीवर सगळ्यांचा भार टाकू नका. आणखी एक घ्या, जिच्यात शेत नाही. मग मी शेरा मागे घेते."

एस्टेला म्हणाली, "मलाही चालेल."

ग्रेगला चालत नव्हतं. पुस्तकाची पानं ठरलेली असतात. मोठ्या कागदाच्या घड्या घालून ती होतात, मनात आलं म्हणून वाढत नाहीत. एक कथा आत घ्यायची तर एक बाहेर काढावी लागणार. "काय काढायचं ते तूच सांग," ग्रेग म्हणाला. वादावर पडदा पडला अशा सुरात.

मी स्पेलिंगवाली कथा काढायला सांगितली.

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "ती तर तुझी आहे."

"म्हणूनच सांगतेय."

बोलून तर बसले, पण वाईट वाटलं. त्या लेखिकेला फोन करून कळवायचं काम माझ्याकडेच आलं. ती इतकं सभ्यपणे बोलली की चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिच्या जागी सॅन अँटोनियोमधल्या एका मेक्सिकन-अमेरिकन मुलीची कथा आली, जी आजोबांची दाढ दुखते म्हणून डेंटिस्टशी भांडते. एस्टेलाची कथा एक शब्दही न बदलता छापली गेली.

पुढच्या गणपतीत मंडळातल्या जोशीकाकूंनी पुस्तक हातात घेऊन विचारलं, "आपली गोष्ट कुठे गं?" मी त्यांना एस्टेलाचं पान उघडून दिलं. ही कुठे आपली, असं पुटपुटत काकू खुर्चीत बसल्या. आरतीला सगळे उभे राहिले तरी काकू वाचतच होत्या.

शाळा सुरू झाल्यावर मिसेस गार्झांचा फोन आला. त्यांच्या मुलीच्या वर्गात दोन्ही कथा झाल्या होत्या. टीचरने काकडीच्या कथेतली वाक्यं मुलांना वाटून दिली. आईचं वाक्य कोण म्हणणार, असं विचारल्यावर त्यांच्या मुलीने स्वतःहून हात वर केला.

"माना वळल्या का?" मी विचारलं.

"वळल्या," गार्झा म्हणाल्या. "ती इतक्या जोरात म्हणाली, वळणारच."

या धंद्यात मी एवढंच शिकले की एखाद्या समाजाला पुस्तकात एकच खुर्ची दिली, तर तिच्यावर कोणालाही बसवा, बसणाऱ्याला ती टोचतेच. सईच्या शाळेने मात्र दुसऱ्याच कंपनीचं पुस्तक घेतलं. त्यात एक भारतीय मुलगी आहे. ती बुद्धिबळ खेळते आणि जिंकते.