न कापलेली अकरा मिनिटं

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका हळदीच्या शूटिंगला होते. खांद्यावर कॅमेरा, समोर नवरीच्या मावश्या आणि पर्समध्ये गुरगुरणारा मोबाइल... तीनदा वाजू दिला. चौथ्यांदा उचलला तर निखिल, माझा भाचा, एवढंच म्हणाला, "आत्या, बाबा गेले." ती हळद पुढं कुणी शूट केली, मला आजही सांगता येणार नाही. दुसरा फोन पाचव्या दिवशी आला, आणि खरं सांगायचं तर हे सगळं मी त्या दुसऱ्या फोनमुळे लिहायला बसले आहे. निखिल म्हणाला, तेराव्याला नातेवाईक येतील, शेजारीपाजारी येतील, बाबांच्या कॅसेटींमधून दहा मिनिटांची एक छानशी फिल्म करून दे. मागे हलकं संगीत टाक. आणि शेवटच्या कॅसेटमध्ये बाबांचे हात फार थरथरतात, तेवढं कापून टाक, लोकांच्या लक्षात चांगले बाबा राहू देत. मी नाही म्हटलं. त्याला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्यानं परत सांगितलं. मी परत नाही म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून आमच्या अर्ध्या गोतावळ्याचं मत झालंय की आत्याचं डोकं फिरलंय. फिरलं तर फिरलं.

माझा दादा मोटर रिवायंडिंग करायचा. नाशिकच्या द्वारका चौकात त्याचा गाळा होता. शेतकरी विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी टेम्पोत घालून आणायचे, हा त्यातली काळी पडलेली तार उपसून नवी भरायचा. आमचे वडील एकलहऱ्याच्या पॉवरहाउसात होते, आमचं लहानपण तिथल्या कॉलनीत गेलं, त्यामुळे तार, कॉइल, फ्यूज हे शब्द आमच्या घरात मीठ-मिरचीसारखे होते. नव्वदीच्या सुरुवातीला कॉलनीच्या गणपतीत ऑर्केस्ट्रा आला होता आणि ऐन कार्यक्रमात त्यांची इलेक्ट्रिक गिटार मुकी झाली. कुणीतरी दादाला स्टेजमागे ओढत नेलं. त्यानं गिटार उघडली, आतल्या पिकअपकडे पाहिलं. लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली केसापेक्षा बारीक तांब्याची तार, बस. तारेचं तुटलेलं टोक त्यानं झाळून दिलं, गिटार बोलायला लागली, आणि घरी येताना तो मला म्हणाला, "शैले, हे तर मोटरच्याच जातीचं आहे गं." त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात गिटार बसली ती बसलीच.

तो गिटार वाजवायचा असं कुणाला वाटलं असेल तर सांगते, त्याला एक धून धड वाजवता येत नव्हती. लोक त्यावरून टोमणे मारायचे. त्याचं उत्तर ठरलेलं असायचं, पाळणा बनवणारा सुतार काय पाळण्यात झोपतो का? जेलरोडच्या घराच्या मागच्या व्हरांड्यात त्यानं बस्तान मांडलं. कॉलनीतल्या क्वार्टरचा एक मोडका सागवानी दरवाजा भंगारातून आणला होता, त्यातून गिटारचं अंग कापलं. चुंबक जुन्या स्पीकरमधून काढले. मानेवर बोटं दाबायच्या पट्ट्यांना सायकलच्या स्पोकचे तुकडे. आणि पिकअपची तार भरायला वहिनीचं शिलाई मशीन. वहिनी पायानं मशीन हळूहळू फिरवायची आणि दादा श्वास धरून बोटांच्या चिमटीतून तार सोडायचा. तार तुटली की वहिनी नुसती मशीन थांबवायची. शेजारणींच्या ब्लाउजांचे वायदे आठवडा आठवडा लांबायचे, आणि शिव्या मात्र वहिनी खायची.

आता यात माझा कॅमेरा कुठून आला? आमच्या ह्यांचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नात बायकांच्या घोळक्यात पुरुषानं कॅमेरा घेऊन घुसलेलं लोकांना आवडेना, म्हणून ह्यांनी मला शिकवलं. पण चातुर्मासात लग्नं नाहीत. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत चार महिने तो भलामोठा कॅमेरा कपाटात पडून राहायचा, आणि वापरला नाही तर त्याला बुरशी धरते. मग मी तो घेऊन दादाकडे जायचे. पहिल्या गिटारचं शूटिंग मी केलं ते निव्वळ कॅमेरा कोरडा राहावा म्हणून. त्यात कसलाही मोठा विचार नव्हता.

ती पहिली गिटार तयार झाली, तारा चढल्या आणि घात झाला. मोकळ्या तारा सुरात, पण बोटं जसजशी वरच्या पट्ट्यांवर जावीत तसतसा सूर जास्तच चढत जायचा. दादानं पट्ट्या तपासल्या, तारा बदलल्या, पिकअप उघडून पुन्हा भरला. तीन आठवडे जेवणावर लक्ष नाही. शेवटी वैतागून मी म्हटलं, चल, स्टुडिओत कॅसेट लावू, बघू तरी तू काय काय उद्योग केलेस. टीव्हीसमोर दोघं बसलो. पॉज करत, मागे घेत, परत पुढे. आणि एका जागी तो ताडकन उठला आणि टीव्हीच्या काचेवर बोट ठेवलं. त्याच्या मेजरिंग टेपचं पुढचं टोक मोडकं होतं, म्हणून तो सुतारासारखा एकच्या आकड्यावर अंगठा धरून माप घ्यायचा आणि खूण करताना एक इंच वाढवायचा. खाली तारा जिथं अडकवायच्या त्या घोडीचं माप घेताना तो इंच वाढवायलाच विसरला होता. अंगठा एकावर, आणि पेन्सिलीची खूण एक इंच अलीकडे... टीव्हीवर स्वच्छ दिसत होतं. मी हसायला लागले, तोही हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग म्हणाला, "डोळ्यानं नाही सापडली, तुझ्या कॅमेऱ्यानं धरली. आता सगळं शूट करायचं. आणि काही म्हणजे काही कापायचं नाही."

घोडी त्यानं एक इंच खाली सरकवली. जुनी भोकं लाकडाच्या भुश्यानं बुजवता आली असती, पॉलिश मारलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. त्यानं ती उघडी ठेवली. गिटार बघायला येणारा प्रत्येक जण विचारायचा ही भोकं कसली, आणि हा कौतुकानं सांगायचा, ही माझी चूक. असा माणूस. मला तर लाज वाटायची. लग्नाच्या कॅसेटीतून मी काय काय काढते हे नाशिकमधल्या निम्म्या विहिणींना माहीत आहे. जेवणावळीतली भांडणं, रुसलेले मामा, नवऱ्याच्या मित्रांचे झोकांडे, सगळं कट. लोक त्याचसाठी तर बोलावतात मला. आणि हा माझा सख्खा भाऊ, ज्याला चूकच दाखवायची होती.

दुसरी गिटार मखमलाबादचे रामदासभाऊ घेऊन गेले. त्यांची शेवंतीची शेती, आणि गावातल्या बँजो पार्टीत ते वाजवायचे. मोटर न्यायला आले आणि गाळ्यात टांगलेली गिटारच घेऊन बसले. अर्धा तास वाजवून म्हणाले, "दादा, आवाज लय गोड हाय, पण खांद्यावर जू घेतल्यागत वाटतं." दादानं ते त्यांना दोनदा बोलायला लावलं, कारण पहिल्यांदा माझा कॅमेरा तयार नव्हता. ते वाक्य आजही कॅसेटवर आहे, पुढची गिटार निम्म्या वजनाची झाली ती त्याच्यामुळे.

मग माझी चूक. ती मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. तिसरी गिटार बघायला ऑर्केस्ट्रातला एक नावाजलेला वादक घरी आला. कॉलनीतले जुने लोकही जमले होते, वहिनीनं सगळ्यांना पोहे केले होते. त्या गृहस्थांनी गिटार हातात घेतली, चार सूर वाजवले, तिची मान दोनतीनदा मुठीत धरून पाहिली आणि गिटार परत दिली. म्हणाले, ह्यानं पोळ्या लाटा. सगळे हसले. दादाही हसला, पण मी कॅमेऱ्यातून त्याच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ होते. मला नाही सहन झालं ते. पुढच्या आठवड्यात कॅसेटची कॉपी करताना मी तेवढा भाग उडवला, आणि तेवढ्यावर न थांबता मूळ कॅसेटवर एका लग्नाची मेहंदी भरून टाकली. कॅसेटच्या पाठीवर एक छोटी पट्टी असते. ती मोडली की त्यावर पुन्हा काही भरता येत नाही. ती मी मोडली नव्हती.

दादानं कॉपी पाहिली आणि पहिलाच प्रश्न, तो माणूस कुठे गेला? मी म्हटलं, काढला. "तू माझी बहीण आहेस की नवरीची मावशी?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. मग शांतपणे म्हणाला, तो हसला म्हणून तर मला कळलं की मान जाड झालीये, ते हसू त्या गिटारचंच होतं, ते फेकायचा अधिकार तुला कुणी दिला? मीही काही कमी नाही. म्हटलं, तुला अपमानाचीच हौस असेल तर दुसरी कुणीतरी बघ शूटिंगला. पूर्ण पावसाळा आम्ही बोललो नाही. द्वारकेवरून माझी रिक्षा जायची, तो गाळ्यात वाकलेला दिसायचा, मी तोंड फिरवायचे.

भाऊबीजेला तो येईल की नाही, मला धाकधूक होती. आला. पाटावर बसला, मी ओवाळलं, आणि त्यानं ताटात एक कोरी व्हिडिओ कॅसेट ठेवली. वरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा तसाच. म्हणाला, "ह्याच्यावर कापायचं नाही." बस, तेवढंच. आमचं भांडण मिटलं. त्यानंतर दर भाऊबीजेला ओवाळणीत कोरी कॅसेट. बाकीच्या बायका आपल्या साड्या दाखवायच्या, मी कॅसेट दाखवायचे. तेरा गिटारी त्यानं केल्या. लोडशेडिंगच्या दिवसांत तर गंमतच होती. ज्या एकलहऱ्यात वीज तयार होते तिथून हाकेच्या अंतरावर आम्ही, आणि दुपारभर घरात वीज नाही. इलेक्ट्रिक गिटार तयार, आणि मुकी. दादा म्हणायचा, चालू ठेव कॅमेरा बॅटरीवर, हेही येऊ दे. पुढं स्टुडिओत छोटे नवे कॅमेरे आले, माझं सगळं काम कॉम्प्युटरवर गेलं, तरी दादासाठी मी तो जुना धोंडा खांद्यावर घ्यायचे, कारण ओवाळणीची कॅसेट त्यातच बसायची. बाजारात त्या कॅसेटी मिळेनाशा झाल्या तरी तो कुठून आणायचा कोण जाणे.

चौदाव्या गिटारच्या वेळी कंपवातानं त्याला धरलं होतं. आधी उजवा हात, मग दोन्ही. गाळा बंद झाला. कपातला चहा बशीत, बशीतला सदऱ्यावर. निखिल म्हणाला, बाबा आता पुरे. दादा म्हणाला, मोटर भरणं बंद केलंय, हे नाही. गेल्या भाऊबीजेला त्यानं कॅसेट दिली ती वहिनीनं हातात धरून, कारण त्याच्या हातून ताट सांडलं असतं. दुसऱ्या दिवशी मी कॅमेरा घेऊन गेले. पाच तारा आधीच लावून झाल्या होत्या. सहावी, सगळ्यात बारीक, खुंटीच्या भोकात ओवायची होती. अकरा मिनिटं तो ओवत होता. तारेचं टोक भोकाजवळ यायचं आणि उडून जायचं. वहिनी पुढं झाली, त्यानं मानेनंच नको म्हटलं. मध्ये एकदा त्यानं कॅमेऱ्याकडे पाहून विचारलं, "चालू आहे ना?" मी म्हटलं, हो. शेवटी त्यानं तार खाली ठेवली आणि म्हणाला, "आज नाही झालं. उद्या."

तो उद्या मी त्याला दिला नाही. तुळशीचं लग्न लागलं, माझे मुहूर्त सुरू झाले, आज सिन्नर, उद्या कळवण. म्हटलं, हे चार मुहूर्त उरकले की जाते. महिना उलटला आणि दादा गेला. वहिनीनं नंतर सांगितलं, तो रोज गिटार मांडीवर घेऊन बसायचा, पण तारेला हात लावायचा नाही. म्हणायचा, शैला आली की लावतो. माझ्या भावाला मी ताटकळत ठेवलं, आणि ह्याची मला माफी नको आहे.

पण तेराव्याला मी फिल्म दाखवली. एक कॅसेट, अकरा मिनिटं, संगीत नाही, काही नाही. तिसऱ्या मिनिटाला खुर्च्या वाजायला लागल्या. पाचव्या मिनिटाला निखिल बंद करायला उठला. आयुष्यभर जिनं कुणाला उलट उत्तर दिलं नाही ती वहिनी म्हणाली, "बस खाली." तो बसला. मागच्या रांगेत रामदासभाऊ शेवटपर्यंत मान पुढं काढून बघत होते, जणू आता जाईल तार, आता जाईल. नंतर एक दूरचे काका मला म्हणाले, माणसाची अशी दैना चारचौघांत दाखवतात का? मी म्हटलं, दैना कुठं दिसली तुम्हाला? मला तर अकरा मिनिटं हार न मानणारा माणूस दिसला. त्यांना पटलं नाही. न पटू दे.

ती गिटार आता माझ्या स्टुडिओत आहे, एका इंचाच्या अंतरावर भोकांच्या दोन जोड्या असलेल्या पहिल्या गिटारच्या शेजारी. सहावी तार लोंबकळतेय. येणारे जाणारे सुचवतात, निदान ती तार तरी लावून घ्या, बरं नाही दिसत. मी सांगते, बरं दिसण्यासाठी लग्नाचे अल्बम आहेत, तिकडे बघा. कॅसेटवर अकरा मिनिटांपुढं सगळं कोरं आहे, जवळजवळ तीन तास. निखिलनं परवा विचारलं, आत्या, उरलेल्या जागेचं काय करणार? त्याच्यासमोरच मी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि पाठीवरची ती छोटी पट्टी मोडून टाकली.