तोंड न लावता

माझी बायको पाणी नेहमी वरून प्यायची. शेवगावकडच्या तिच्या माहेरी सगळ्या घरात एकच तांब्या फिरायचा आणि त्याला कुणी ओठ लावायचे नाहीत. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी माझ्या बाटलीलाही तिनं कधी तोंड लावलं नाही. मान मागे टाकायची आणि थेंबही न सांडता प्यायची. मी बघत बसायचो.

म्हणून थिएटरात तिच्या पलीकडे बसलेला तो माणूस मला अजून खुपतो.

सावेडीत राहायला आल्यापासून आम्ही अधूनमधून दुपारच्या खेळाला जायचो. त्या दिवशी थिएटरच्या दारावरच्या माणसानं तिच्या पिशवीतली पाण्याची बाटली काढून टेबलाखाली ठेवली.

"बाहेरचं पाणी आत चालत नाही, मावशी."

"पान्यात काय बाहेरचं अन् आतलं असतंय व्हय?"

मागचे लोक हसले. मी तिला हाताला धरून आत नेलं. चारचौघांत वाद घालणं मला जमत नाही. माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात झाली. तिथे मोठ्यानं बोलणाऱ्यांना मीच गप्प करायचो.

खेळ अर्ध्यावर आला आणि तिला ठसका लागला. थांबेना. मी विकतचं पाणी आणायला बाहेर धावलो. काउंटरवर पॉपकॉर्नसाठी रांग होती. मी मुकाट्यानं रांगेच्या शेवटी उभा राहिलो.

बाटली घेऊन परतलो, तेव्हा पडद्यावरच्या उजेडात मला ती दिसली. पलीकडच्या खुर्चीतल्या गृहस्थानं आपली बाटली कशी आत आणली होती कोण जाणे. ती बाटली आता माझ्या बायकोच्या हातात होती. आणि ती पीत होती. तोंड लावून.

घरापाशी रिक्षातून उतरल्यावर मी विचारलं, बाटलीला तोंड का लावलंस.

"अवो, अंधारात वरून पेले असते तर सगळं अंगावर सांडलं नसतं का? पन लई गार पानी हुतं." मग माझ्याकडे बघून ती हसायलाच लागली. "जळताय व्हय? या वयात?"

जळत होतो. ती जाऊन आता दीड वर्ष झालं, तरी जळतोच आहे. त्याचा चेहराही मला आठवत नाही. आठवते ती फक्त तिच्या ओठांना लागलेली बाटली.

गेल्या महिन्यात मी सरकारला एक अर्ज लिहायला घेतला. करमणुकीच्या ज्या ज्या जागी लोकांचं पाणी दारात काढून घेतात, तिथे आत पिण्याचं पाणी फुकट देणं कायद्यानं बंधनकारक करावं. कारणं चांगली लिहिली: म्हातारी माणसं, औषधाच्या वेळा, आपल्याकडचा उन्हाळा. खरं कारण लिहिण्यासारखं नव्हतं. तिथे पाणी असतं, तर तिनं त्याच्या बाटलीला तोंड लावलं नसतं.

अर्जात चूक राहू नये म्हणून त्याच थिएटरात चौकशीला गेलो. मॅनेजर म्हणाला, "काका, फुकट पाणी आहे की! जिन्यामागं कूलर आहे. पहिल्यापासून आहे."

"मग पाटी कुठं आहे?"

"विचारलं की सांगतो ना आम्ही. कुणी विचारतच नाही."

कूलर खरंच होता. शेजारी साखळीला बांधलेला स्टीलचा पेला. म्हणजे त्या दिवशीही तो तिथेच होता, मी उभा होतो त्या रांगेपासून चार पावलांवर. मी विचारलं नव्हतं. पेला भरून वरून प्यायला गेलो, तर साखळी आखूड पडली आणि पाणी शर्टावर सांडलं.

घरी येऊन अर्जात एक कलम वाढवलं. पाणी नुसतं असून भागणार नाही. ते समोर दिसावं. घरी आलेल्या माणसाला आपण पाणी मागायला लावत नाही, तसं तिथेही कुणाला मागावं लागू नये.

कलम वाचून पाहिलं, मनासारखं उतरलं होतं. आणि मग लक्षात आलं, की तिनं त्या गृहस्थाकडे पाणी मागितलेलं नसणार. ठसक्यात तिला बोलताच येत नव्हतं. त्यानं न मागताच बाटली पुढे केली असणार.

म्हणजे हे कलम त्याचंच. खोडायला पेन उचललं होतं. पण खोडलं नाही, अर्ज तसाच पोस्टात टाकला.