उजवी बाजू वर

मी सातवीत शाळा सोडलेली बाई. लिहिण्यात चुका असतील, सांभाळून घ्या. भुतंखेतं, अंगात येणं असलं मी कधीच मानलं नाही. गावात कुणाच्या अंगात आलं की हसू दाबायला मी देवळामागे पळायचे. म्हणूनच हे इतकी वर्षं कुणाला सांगायची लाज वाटत होती.

गोष्ट दोन हजार पाचच्या आसपासची. माझा नवरा तोक्योत, हिगाशी-कसाईला एका इंडियन हॉटेलात कुक. बिल्डिंगमध्ये सगळे पुण्या-मुंबईचे कॉम्प्युटरवाले, त्यात आम्ही दोघं आणि चार वर्षांची गौरी. मला सारखी धास्ती... कचरा चुकीच्या पिशवीत गेला तर, कुणी काही विचारलं तर, गौरी हरवली तर. तळमजल्यावरच्या योशिए-सान, म्हणजे आपल्याकडच्या योशिएबाई, सत्तरीच्या, त्यांनी मला हाताला धरून सगळं शिकवलं. फार उपकार त्यांचे. त्यामुळे "नंदा-सान, बोनच्या तयारीला येशील?" असं त्यांनी विचारल्यावर नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. बोन म्हणजे त्यांचा पितृपक्षच म्हणा. गेलेली माणसं घरी येतात, त्यांच्यासाठी सगळी वस्ती गोल धरून नाचते, आणि शेवटी दिवे सोडून त्यांना नदीवाटे परत पाठवतात.

ऑगस्टमधला शनिवार. शाळेमागच्या मैदानात दुपारभर मी कंदील लावले, लोकांना बार्लीचा गार चहा दिला. पाच वाजता योशिए-साननी त्यांचा जुना युकाता हातात ठेवला — सुती किमोनो. त्या स्वतः कामाच्या गडबडीत होत्या, म्हणून आडोशाला जाऊन मी आपली मीच नेसले. पदर उजवीकडून डावीकडे जातो ना, तशीच उजवी बाजू वर घेतली आणि पट्टा आवळला.

"आई, तू बाहुलीच दिसतेस!" गौरी खिदळली.

"हो का गं? बस इथे टेबलापाशी. एक फेरी मारून आलेच."

मधे मचाणावर ढोल. पुढचीचे हात बघायचे, तसेच आपले करायचे... आपल्या भोंडल्यासारखाच फेर. माझ्यापुढे एक ठेंगणी म्हातारी होती. मागे न बघताच म्हणाली, "नवी दिसतेस. कुणाकडे आलीस?"

"योशिए-सानकडे."

"बरी आहे ना ती?"

"गुडघे दुखतात त्यांचे."

"दुखणारच! लहानपणापासून सांगतेय, उड्या मारत जिना उतरू नकोस. ऐकते कुठे!"

तेव्हा मला जपानी दहा-पंधरा शब्द येत होते. तरी सगळं कळत होतं, मी बोलतही होते — आणि त्याचं नवलही वाटत नव्हतं. "संपलं की आमच्याबरोबर नदीवर चल," म्हातारी म्हणाली. मी बरं म्हटलं.

मग गौरी दिसली. "आई... आई..." करत गोलाच्या कडेने रडत फिरत होती. हातभर अंतरावरून गेली, माझ्याकडे बघितलं आणि तशीच पुढे गेली. मागोमाग योशिए-सान हाका मारत, "नंदा-सान! नंदा-सान!" त्याही तशाच पुढे. मी नाचत राहिले.

कितवी फेरी होती कुणास ठाऊक, गौरी धडपडली. पडताना हाताला लागलं ते धरलं — माझ्या युकात्याची कड. पट्टा सैल झाला, उजवी बाजू सुटून तिच्या मुठीत आली. "आई!" अशी किंचाळली की ढोल थांबले. योशिए-सान धावत आल्या. पाऊण तास शोधत होत्या म्हणे.

"कशी नेसली होतीस?" त्यांनी विचारलं. मी खुणेने दाखवलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. सगळ्यांदेखत त्यांनी डावी बाजू वर घेऊन पट्टा घट्ट बांधला. उजवी बाजू वर घेऊन फक्त मेलेल्या माणसाला नेसवतात, हे मला नंतर कळलं. त्या ठेंगण्या म्हातारीचं आणि जिन्याचं मोडक्यातोडक्या शब्दांत, खुणांनी सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "आई माझी ती. जाऊन कित्येक वर्षं झाली."

नवरा म्हणतो, उन्हाने झालं असेल, गर्दीत पोर चुकली असेल. असेलही. मग जपानी कसं कळलं, जिन्याचं मला कुणी सांगितलं, असं विचारलं की तो विषय बदलतो.

पण खरं सांगू? माझी झोप उडते ती म्हातारीमुळे नाही. गौरी दोन मिनिटं दिसली नाही तर घाम फुटणारी मी... माझं लेकरू समोरून रडत गेलं, मला दिसत होतं, ऐकू येत होतं, आणि मला थांबावंसं वाटलं नाही. कसलीच धास्ती नव्हती. जपानात इतकं शांत मला ना आधी वाटलं, ना नंतर.

एवढं मात्र मी गौरीला अजून सांगितलेलं नाही.