डुकरांची नाकं

धुळ्याहून पिंपळनेरला जाणाऱ्या एसटीत माझ्या सीटवर एक भलंमोठं पोतं बसलं होतं. मी चिडलो, ओरडलो, कंडक्टरलाही दोन शब्द सुनावले. पोत्याच्या म्हाताऱ्या मालकाने ते निमूट मांडीवर घेतलं आणि उघडून दाखवलं. आत कागदाच्या लगद्याची, गुलाबी रंगवलेली डुकरांची नाकं होती.

तो जत्रेतल्या सोंगांचे मुखवटे करायचा. यंदा गावातल्या चर्चवाल्यांनी नाताळच्या नाटकासाठी त्याच्याकडून भुताचा मुखवटा मागितला होता. गोष्ट शुभवर्तमानातली. येशू एका झपाटलेल्या माणसातली भुतं काढतो आणि ती डुकरांच्या कळपात शिरतात.

“शास्त्र मी चार डाव वाचं, भाऊ. भूतनं तोंड कोठेच लिखेल नही. शिंगं नही, दात नही. मानूस वरडस, लोकेसवर धावस, बठ्ठं तेवढंच शे. मंग मुखवटा कशाना करू?”

म्हणून त्याने नुसती डुकरंच केली होती.

मला हसू फुटलं. त्याने लगेच एक नाक आधी स्वतःला लावून बघितलं, मग माझ्या डोक्यामागे दोरी बांधली. साक्रीपर्यंत कंडक्टरसकट अर्धी बस नाकं लावून बसली होती.

पिंपळनेरला त्याने नाकं गोळा केली. माझ्याकडे बघून नुसता हसला आणि गेला. स्टँडपासून घरापर्यंत जो तो मला बघून हसत होता. लोक आज खुशीत आहेत, असं मला वाटलं.

बायकोने दार उघडलं आणि पोट धरून खालीच बसली. नाक माझ्या कपाळावर सरकलेलं होतं.

माझं भूत त्याने केव्हा काढलं, मला कळलंही नाही. डुक्कर तेवढं घरापर्यंत आलं.