दुसऱ्याच्या वाट्याची माफी

एस्तेरबाई प्रार्थना करता करता मधेच उठून जात. मी त्यांच्याकडे खोली भाड्याने घेतली, त्या पहिल्याच रविवारी हे पाहिलं. पडवीत सतरंजीवर गावच्या ख्रिस्ती मंडळीची पाच-सहा कुटुंबं बसलेली, बाई डोळे मिटून देवाशी बोलताहेत, आणि एकदम त्या थांबल्या. "जरा थांबा," असं त्या लोकांना म्हणाल्या की देवाला, ते मला कळलं नाही. चपला घालून त्या शेजारच्या काशीबाईंच्या अंगणात गेल्या. आदल्या दिवशी काशीबाईंच्या बकऱ्यांनी वालाचा वेल खाल्ला म्हणून दोघींची चांगलीच जुंपली होती. कुंपणापलीकडून बाईंचा आवाज आला, "काशे, काल मी जास्तच बोलली. तुया माय-बापापर्यंत गेली, ते चुकलं. बकऱ्या मात्र बांधत जाय." मग त्या परत आल्या, चपला काढल्या, डोळे मिटले आणि थांबल्या होत्या तिथून प्रार्थना पुढे सुरू केली. मंडळीतल्या कोणी मान वर केली नव्हती. त्यांना सवय होती.

मी नंतर विचारलं तर म्हणाल्या, "शास्त्रात हाये, भाऊ. देवाले काही द्याले गेलं, अन् तवाच आठवलं का कोनाचं मन आपल्यावर खट्टू हाये, तं ते तिथीच ठेवाचं. आधी त्याच्यासंग नीट कराचं, मंग वापस याचं. आता मले डोये मिटल्यावरच आठवते, त्याले मी काय करू?"

पोंभुर्णा तालुक्यातलं ते गाव. एका बाजूला तलाव, दुसऱ्या बाजूला जंगल. मी गुरांचा डॉक्टर. नवीन नोकरी, नवीन गाव. एस्तेरबाई त्याच गावच्या उपकेंद्रात नर्स होत्या आणि निवृत्त झाल्यावर तिथेच राहिल्या होत्या. नवरा बल्लारपूरला कारखान्यात होता, तो वारला. मुलगा नागपूरला. तो फोनवर रोज "इकडे ये" म्हणायचा आणि त्या रोज "पाहू" म्हणायच्या. मी बौद्ध घरातला, हे त्यांना पहिल्या दिवशीच सांगितलं. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "म्हंजे रविवारी तुमाले बोलवाची कटकट नाई. चहा मात्र सगळ्यांसंग घ्या."

मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, महिन्यातून एकदा येत. बाकीच्या दिवशी लोक आपले प्रश्न घेऊन बाईंकडेच येत. प्रश्न फार मोठे नसत. एकदा मंडळीतली एक नवी सून आली. शेजारणीने पूजेचा प्रसाद दिला, तो खावा की नाही, यावर तिच्या घरात दोन दिवस वाद चालला होता. बाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी विचारलं, "देनारीनं कसा देल्ला? हसून देल्ला का?"

"हाव."

"मंग खा. शिऱ्यात काई भूत नाई बसलं. पण तुया सासूले तरास होऊन राह्यला असन, तं तिच्यासमोर नको खाऊ. शेजारनीचंबी मन राखाचं अन् सासूचंबी. शास्त्रात पौलानं सांगतलं ते एवढंच हाये, लोकं त्याचं पुरान करते."

बाई गोड बोलणाऱ्या नव्हत्या. रागीट होत्या, हट्टी होत्या आणि त्यांच्या हातची भाजी खारट असायची. पण त्या शास्त्रातलं काही सांगायच्या तेव्हा ते कालपरवा पलीकडच्या गल्लीत घडल्यासारखं सांगायच्या.

माझ्या तिथल्या दुसऱ्या वर्षी पावसाळा सरता सरता गावात घटसर्पाची साथ आली. आमच्याकडे त्याला गळसुजी म्हणतात. बैलाचा गळा सुजतो, ताप चढतो, श्वास घरघरतो आणि दिवसभरात जनावर जातं. पावसाआधी मी लस टोचायला आलो तेव्हा अर्ध्या गावाने गुरं रानात सोडलेली होती. त्यातलीच बरीच गेली. मी दारोदार सांगत होतो की हा रोग आहे, उरलेल्या गुरांना अजूनही टोचून घ्या. लोक ऐकून घेत आणि दुसऱ्याच कोणाकडे बघत. तेवढ्यात नामदेव नावाच्या तरुण शेतकऱ्याची लहान मुलगी तापाने गेली. हिवताप मेंदूत चढला होता. चंद्रपूरला नेईपर्यंत उशीर झाला. त्याचा एक बैल आदल्याच आठवड्यात मेला होता.

मग गावाने बाहेरून एक पुजारी आणला. त्याने तांदूळ टाकले, अंगात आल्यासारखं केलं आणि करणी तिकडून होते म्हणून तलावाकडे बोट दाखवलं. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, एकच घर होतं, पारबताचं. पारबता विधवा होती. जाळं टाकून मासे धरायची, विकायची, कोणाच्या अध्यातमध्यात नसायची. एकटी राहणारी बाई, एवढाच तिचा गुन्हा.

मी दुपारी दुसऱ्या गावाहून परतलो तेव्हा चावडीसमोर गर्दी होती. पारबताला खांबाला बांधलं होतं. हात मागे, केस सुटलेले, एक गाल सुजलेला. ती रडत नव्हती. खाली बघत होती. मी पोलिसांना फोन केला. ते निघतो म्हणाले, पण मधला नाला भरलेला होता, त्यांना लांबून वळसा घालून यायचं होतं. मी गर्दीत शिरून रोगाचं सांगायला लागलो, तर कोणीतरी माझी कॉलर धरून बाजूला केलं. "डाक्टर, तू बैलाचं पाह्य. हे तुयं काम नोहे."

तेवढ्यात एस्तेरबाई आल्या. त्यांना बघून नामदेवच पुढे झाला. तो दारू प्यायलेला नव्हता. त्याचे डोळे कोरडे होते, आणि तेच मला जास्त भीतीचं वाटलं.

"बाई," तो म्हणाला, "तुमी खोटं नाई बोलत हे गावाले ठाऊक हाये. तुमी तुमच्या देवाले इचारा. त्यानं हिचं नाव नाई म्हटलं, तं आमी हिले सोडतो. सगळ्यांसमोर सांगतो."

"हाव, हाव," दोन-चार म्हातारे म्हणाले. मला वाटलं, सुटलो. एका शब्दाचं काम होतं. मी बाईंच्या कानाशी जाऊन म्हटलं, "सांगून टाका, देव नाही म्हणाला म्हणून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. डोळे मिटले. बराच वेळ ओठ हलत होते. मग डोळे उघडून त्या म्हणाल्या, "देवानं मले कोनाचंच नाव नाई सांगतलं."

गर्दीत कुजबुज झाली. मी कपाळावर हात मारला.

"आयका," त्यांनी आवाज चढवला. "येशूच्या रस्त्यात एक जनमाचा आंधया बसला होता. त्याच्या चेल्यांनी इचारलं, गुरुजी, हा आंधया झाला तो कोनाच्या पापानं? याच्या का याच्या माय-बापाच्या? तो म्हणे, याच्याबी नाई अन् त्याहिच्याबी नाई. असं म्हणून तो खाली वाकला, माती भिजवली अन् त्याच्या डोयाले लावली, त्याले दिसाले लागलं. तुमी इचारून राह्यले, कोनामुयं झालं. तो सवालच त्यानं घेतला नाई. नामदेव, तुयी पोरगी माया मांडीवर खेळली. कोनामुयं गेली हे सांगता आलं असतं, तं मी काल सांगतलं असतं."

हे ऐकून लोक विरघळले असं काही झालं नाही. मागून कोणीतरी ओरडलं, "हेबी तिच्यातलीच हाये!" बाई सरळ खांबापाशी गेल्या आणि पारबताच्या शेजारी मातीत बसल्या, तिच्या खांद्याला खांदा लावून. मी जवळ गेलो. "मले भेव वाटून राह्यलं, भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "तुमीबी बसा." मी बसलो.

एक ढेकूळ आलं आणि बाईंच्या कपाळाला लागलं. रक्ताची धार पांढऱ्या केसांतून खाली आली. त्यानंतर कोणी काही फेकलं नाही, पण कोणी गेलंही नाही. गर्दी तशीच उभी राहिली. पुढे काय करायचं हे कोणालाच माहीत नसल्यासारखी. पोलिसांची गाडी आली तेव्हा उन्हं कलली होती. एका शिपायाने दोर सोडला.

पारबता त्या दिवसापासून बाईंच्या घरी राहिली. काशीबाईंनी बाईंशी बोलणं सोडलं. मंडळीतली अर्धी कुटुंबं रविवारी येईनाशी झाली. पोलिसांत तक्रार गेली, नामदेव आणि आणखी काही जणांवर खटला झाला. बाई मुख्य साक्षीदार.

मी त्यांच्याशी भांडलो. कपाळावरची पट्टी बदलताना म्हटलं, "एक शब्द बोलला असता तर तिथल्या तिथे सुटली असती. जीव वाचवायला खोटं बोललं तर तुमचा देव रागावला असता का?"

"नसता रागावला," त्या म्हणाल्या. "मिसर देशात राजानं जनमलेली पोरं माराले सांगतलं, तं सुईनी त्याच्यासंग खोट्या बोलल्या, लेकरं वाचवली. देवानं त्याहिचं भलंच केलं. मारनारे घरी आले असते, तं पारबता इथी नाई म्हणून मीबी सांगतलं असतं. पण हे तसं नोहे. मी म्हटलं असतं, देव म्हणे पारबता नाई. मंग नामदेवानं काय इचारलं असतं?"

मी पट्टीची गाठ मारली.

"इचारलं असतं, पारबता नाई तं कोन? तेबी सांगा. तवा मी कोनाचं नाव घेतलं असतं? एकदा देव नावं सांगते म्हटलं, तं दर साली कोनाचं ना कोनाचं नाव सांगावं लागते."

खटला उभा राहायच्या आधी गावातले तीन-चार वडीलधारे बाईंकडे आले. त्यांच्यात मंडळीतलेही एक जण होते. चहा झाला. मग ते म्हणाले, "बाई, तुमचं शास्त्र माफ करा म्हणते. सत्तर येळा माफ करा म्हणते. पोरगा हाये, लेकरू गेलं होतं त्याचं, डोस्कं फिरलं होतं. साक्ष मागं घ्या."

बाईंनी कपाळावरच्या व्रणाला हात लावला. "याची माफी? ते त्याच दिवशी झाली. कोनं फेकलं हेबी मी पोलिसाले नाई सांगतलं. पण दोर पारबताच्या हाताले होता, माया नाई. तिच्या वाट्याची माफी मी कशी देऊ? ते माया घरात ठेवली नाई."

ते म्हणाले, "मंग तिले सांगा माफ कराले."

पारबता आतून ऐकत होती. ती दारात आली. "मले नाई जमत," एवढंच म्हणाली.

मंडळीतले गृहस्थ बोलायला लागले तसं बाईंनी त्यांना हाताने थांबवलं. "नाई जमत तं नाई जमत. देव तिले इचारीन, तुमी नोका इचारू."

साक्षीच्या आदल्या सकाळी बाई नामदेवच्या घरी गेल्या. तो जामिनावर होता. मी सोबत होतो. त्याने दार अर्धंच उघडलं. "उद्या मी जे पाह्यलं ते सांगीन," बाई म्हणाल्या. "कमी नाई, जास्त नाई. तुले पाठीमागून कळू नये म्हणून आली." त्याने दार लावून घेतलं. आम्ही वळलो तेव्हा त्याची बायको मागच्या दाराने आली आणि बाईंचा हात धरून उभी राहिली. बराच वेळ. मग गेली.

दुसऱ्या दिवशी चंद्रपूरला जाणारी एसटी एकच होती. साक्षीदार, आरोपी आणि मी त्याच गाडीत. मधल्या थांब्यावर बाईंनी डबा उघडला, दोन पोळ्यांवर भाजी ठेवली आणि पुढच्या सीटवर नामदेवसमोर धरली. तो खिडकीबाहेर बघत राहिला. त्या हात तसाच धरून बसल्या. गाडी सुरू झाली, हात हलायला लागला, तेव्हा त्याने पोळी घेतली. तासाभराने त्या न्यायालयात उभ्या राहिल्या आणि दोर कोणी आणला, कोणी बांधला, नामदेव काय म्हणाला, सगळं सांगितलं. विचारल्यावर हेही सांगितलं की त्याची मुलगी नुकतीच गेली होती, तो चांगला बाप होता. नामदेवला शिक्षा झाली, मोठी नाही.

पुढे माझी बदली सिंदेवाहीला झाली. बाई निरोप द्यायला रस्त्यापर्यंत आल्या. म्हणाल्या, "भाऊ, त्या दिवशी तुमी बसले, ते बरं झालं. मी एकटी असती तं पयाली असती." मी म्हटलं, तुम्ही नसता पळाल्या. त्या चिडल्या. "तुमाले काय ठाऊक? पाय निघून राह्यले होते माये."

गेल्या मे महिन्यात पारबताचा फोन आला. बाई झोपेतच गेल्या होत्या. मी पोहोचलो तेव्हा मुलगा नागपूरहून आलेला होता. गावाबाहेर पळसाच्या झाडांपाशी मंडळीची दफनभूमी आहे. उन्हाने जमीन दगडासारखी झालेली. चार-पाच माणसं खणत होती. त्यात एक नामदेव होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. पहार घेऊन सकाळीच आला होता म्हणे.  त्याची पाळी संपली तरी खड्ड्यातून वर येत नव्हता.

पारबता पाण्याची घागर घेऊन आली. खणणाऱ्यांना एकेकाला ओंजळीत पाणी घालत गेली. नामदेव शेवटी वर आला, घामाने निथळत, आणि तिच्यापासून दूर उभा राहिला. ती थांबली. तिने त्याच्या ओंजळीत पाणी घातलं नाही. घागर त्याच्यापुढे जमिनीवर ठेवली, वर तांब्या ठेवला आणि पाळकांच्या मागे जाऊन उभी राहिली.

नामदेवने तांब्या उचलला, घागरीत बुडवला आणि उभ्या उभ्या प्यायला. मग पुन्हा खड्ड्यात उतरला.