लाँचच्या बॅटरीवर पहारा

चहा आधी खाली ठेवा बघू. हसलात तर अंगावर सांडेल, आणि नाही हसलात तर माझा अपमान होईल! ही गोष्ट मी लग्नानंतर चार वर्षं बायकोला कळू दिली नव्हती. मग कळली ती तिच्या माहेरूनच. तोवर ती सगळ्या तालुक्याला पाठ झाली होती, एक तिलाच काय ती ठाऊक नव्हती.

एकोणीसशे तीसच्या सुमाराची गोष्ट. रत्नागिरीत बंदराजवळ अण्णांची भाताची गिरणी होती आणि मी तिथे कारकून. गिरणी छान चालली होती, पण माणसाला सुख बोचतं ना? अण्णांनी मुंबईहून एक जुनी मोटारलाँच आणली, पूर्णगडपर्यंत उतारू न्यायला. तिच्यावर दोन बॅटऱ्या. त्यांच्या जोरावर लाँचचं इंजिन सुरू व्हायचं. एकेक बॅटरी इतकी जड, की उचलताना कुलदैवत आठवावं.

लाँच चालवायला धोंडू तांडेल होता. नाटे गावचा माणूस, दहा वर्षं आगबोटीच्या इंजिनाशी काढलेली. बोलणं मोजकं, हात सोन्याचा. बॅटऱ्या चार्ज करायची सोय त्यानेच गिरणीत केली. गिरणीच्या ऑइल इंजिनावर पट्टा टाकून एक डायनॅमो फिरवायचा. त्याच्या तारा शेजारच्या खोलीत भिंतीवरच्या फळीवर. फळीवर एक खटका, वर एक भला मोठा काचेचा दिवा, आणि तिथून तारा खाली बॅटऱ्यांना.

"भाऊ, ह्या दिव्याचा काय हाय, ता सांगतंय…" धोंडूने सुरुवात केली.

"धोंडू," मी म्हटलं, "मॅट्रिकला माझं सायन्स होतं. मला दिवा शिकवू नकोस!"

तो पाना उचलून कामाला लागला. मी शहाणा असतो तर त्याला बोलू दिलं असतं. पण मग आज तुम्ही काय ऐकलं असतं?

आता खरी गोम ऐका. शनिवारी अण्णांच्या मुलीचं, कमळीचं लग्न. गोरज मुहूर्त. पूर्णगडच्या व्याह्यांना अण्णांनी छाती ठोकून सांगितलेलं, "वऱ्हाड माझ्या लाँचने येईल!" आणि सोमवारी बघतो तर दोन्ही बॅटऱ्या ठार बसलेल्या. त्या भरल्या नाहीत तर लाँच हलणार नाही, नवरदेव पूर्णगडच्या धक्क्यावर आणि नवरी इथे मांडवात! चार-पाच दिवस चार्जिंग झालं की काम फत्ते, असं धोंडू म्हणाला. देखरेखीला कोण? अस्मादिक!

सकाळी गिरणी सुरू झाली की धोंडू खटका वर करायचा आणि लाँचला रंग द्यायला धक्क्यावर जायचा. आठला मी यायचो आणि दिवसभर फळीसमोरच्या टेबलाशी बसायचो. संध्याकाळी इंजिन थांबलं की धोंडू काचेची नळी घेऊन हजर. बॅटरीतलं पाणी नळीत ओढायचं, आतली गोळी वर तरंगली की बॅटरी भरली.

सोमवारी गोळी बुडाशी.

"भाऊ, काय भरला नाय ओ."

"पहिलाच दिवस आहे रे."

मंगळवारी गोळी बुडाशी. मग मात्र माझ्यातलं सायन्स जागं झालं. बॅटऱ्यांच्या टोकांवर मळ दिसला. घरातली तांब्यापितळेची भांडी चिंचेने लख्ख होतात, मग बॅटरीनेच काय घोडं मारलंय? बुधवारी सकाळी घरून चिंचेचा गोळा आणला आणि तासभर घासत बसलो. टोकं अशी चमकली, की त्यांत मिशी बघावी!

मग डायनॅमोचा पट्टा सैल वाटला. आवळला. आणखी आवळला. फाट्‌कन तुटला! इंजिन थांबवून पट्टा शिवेपर्यंत गिरणी दोन तास बंद. भाताच्या टोपल्या घेऊन आलेल्या बायकांनी माझा जो उद्धार केला, तो चारचौघांत सांगण्यासारखा नाही. तेवढ्या वेळात मी डायनॅमो उघडून पाहिला आणि परत बंद केला. एक स्क्रू उरला. मी तो खिशात टाकला. जास्तीचा असेल!

बुधवारी संध्याकाळी गोळी? बुडाशी.

आता तुम्हीच सांगा, यंत्र चोख, बॅटऱ्या लख्ख, देखरेखीला माझ्यासारखा माणूस. मग दोष कुणाचा? माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. धोंडूच्या भावांचा नाटे गावी शिडाचा मचवा होता, तोही पूर्णगडचे उतारू न्यायचा. लाँच सुरू झाली तर मचव्याचे उतारू जाणार! म्हणजे धोंडूच गुपचूप येऊन काहीतरी करतो. मी तडक अण्णांकडे गेलो.

"अण्णा, घरभेदी आहे! काढून टाका त्याला."

आधीच लग्नाच्या घाईने अण्णांचा पारा चढलेला. त्यांनी धोंडूला बोलावलं आणि नको ते बोलले. धोंडूने सगळं खाली मान घालून ऐकलं. मग म्हणाला, "अण्णा, काडायचा तर काडा. पन असलो खोटो आल माथ्यार घेवन मी गावात जावचो नाय. उद्या आपुन तिगा हतंच लपान बसू. कोन काय करता ता डोल्यान बगू."

"बसू!" मी गरजलो. अपराधी स्वतःच सापळा सुचवतोय म्हटल्यावर मला काय, आनंदच!

गुरुवारी सकाळी धोंडूने खटका वर केला, दिवा लागला, आणि आम्ही तिघं भाताच्या गोणींमागे उकिडवे बसलो. मधे अण्णा, एका बाजूला धोंडू, दुसऱ्या बाजूला मी. शेजारी इंजिन धडधडतंय, नाकात कोंडा जातोय. अण्णांना शिंक आली ती त्यांनी उपरण्यात कोंबली. माझी नजर दाराकडे. दार अडवलं की चोर जातो कुठे?

अर्धा तास झाला. कुणी नाही.

तेवढ्यात आठवलं, माझी पानाची चंची टेबलावरच राहिली. चंची पाहून चोराला संशय आला तर? मी मांजरपावलांनी गेलो, चंची उचलली आणि तसाच परत येऊन गोणीमागे बसलो. एवढा सावध होतो मी! चपलासुद्धा काढून गेलो होतो.

बसतो न बसतो तोच अण्णांनी माझं मनगट धरलं.

"सापडला!" अण्णा म्हणाले.

मी दाराकडे मान ताणली. "कुठाय?"

"दामू, अरे मेल्या…"

"श्श! अण्णा, हळू! सावध होईल तो!"

अण्णांनी कपाळावर हात मारला. धोंडूने नुसतं बोट वर केलं. मी पाहिलं. फळीवरचा दिवा विझलेला!

"अरेच्चा! कोणी विझवला?"

"तुमी," धोंडू म्हणाला. "आत्ता. जाता जाता."

"मी? शक्यच नाही!"

"भाऊ, डायनॅमोची वीज त्या दिव्यातनाच बॅटरीत जाता. दिवा गेलो की सगला बंद. ताच सांगत व्हतो त्या दिवशी."

आमच्या घरची शिस्तच तशी. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागल्याखेरीज दुसरा दिवा लावायचा नाही, आणि उजाडल्यावर कुठे दिवा जळताना दिसला तर आधी तो मालवायचा, मग चूळ भरायची. लहानपणी याच्यासाठी आईचे धपाटे खाल्लेले. दिवसा दिवा दिसला की माझा हात आपोआप जातो, मला कळतसुद्धा नाही. म्हणजे तीन दिवस रोज आठला येऊन मीच चार्जिंग बंद करत होतो, आणि मग दिवसभर त्याच्यासमोर बसून बिघाड शोधत होतो!

"धोंडू," अण्णा म्हणाले, "तुझ्यावर आळ घेतला याने. काढू याला?"

मला धोंडूकडे बघवेना. खरंच सांगतो, लाज वाटली. त्याचं पोट मारायला निघालो होतो मी.

"ऱ्हवंदे, अण्णा," धोंडू उठता उठता म्हणाला. "भाऊ काम मन लावून करतत. फकस्त हात बांदून करूक सांगा."

त्याने खटका वर केला, डायनॅमोतलं रिकामं भोक बघून माझ्याकडून स्क्रू मागून घेतला, आणि शुक्रवारी रात्रीपर्यंत इंजिन थांबू दिलं नाही. त्या खोलीत मला बंदी. शनिवारी दुपारी लाँच पूर्णगडहून वऱ्हाड घेऊन थाटात धक्क्याला लागली. सुकाणूवर धोंडू, डोक्याला अण्णांनी दिलेला नवा फेटा.

मी मांडवात पाहुण्यांना अत्तर लावत होतो. मुहूर्ताला अवकाश होता, बाहेर चांगलं ऊन होतं, पण ऐन वेळी धांदल नको म्हणून गॅसबत्त्या आधीच पेटवून टांगलेल्या. मी आपला एका बत्तीखाली उभा राहून वर बघत होतो. नुसता बघत होतो हो!

तोच नवरीची आजी बोहल्याजवळून किंचाळली, "अरे, धरा रे त्या दामूला!"

चौघांनी धरला मला. भर मांडवात, व्याह्यांसमोर. सगळं वऱ्हाड हसतंय. मी ओरडतोय, "अहो, मी काय केलंय?"

आणि खरं सांगू? हात वर गेलेला होता.