मिस्बाहनं सांगितलेला पत्ता

मूर्तिजापुरात स्टेशनजवळ दाऊदमियांचं गाद्या भरायचं दुकान होतं. त्यांची मुलगी मिस्बाह बी.ए. झाली आणि आधार केंद्रात मशीनवर बसू लागली. लागोपाठ दोन हंगाम बुडाले होते. दुष्काळाची मदत, रेशन, बँक, जिथं जावं तिथं आधार मागायचे, म्हणून केंद्रापुढे सकाळपासून रांग लागे. मिस्बाह कामाला चोख होती. निंदणानं, वेचणीनं झिजलेली बोटं मशीन घ्यायचं नाही, तेव्हा ती चिडत नसे. ओल्या फडक्यानं बोट पुसून स्वतःच्या हातानं काचेवर दाबून धरायची. साऱ्या तालुक्याची नावं-पत्ते आपल्याला ठाऊक आहेत, याचा तिला थोडा तोराही होता.

एक दिवस जमुना नावाची बाई आली. तिला पत्ता बदलायचा होता. आता ती वलगावला राहत होती, शाळेत खिचडी शिजवत होती. पण जिथं पहिल्यांदा बोटं दिली तिथंच बदल होतो, असं कोणीतरी तिला सांगितलेलं. तिच्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग होता. मिस्बाहनं तो पाहिला, विचारलं काही नाही.

"हा पत्ता कोणाले दिसन का, बाई?"

"नाई दिसत, ताई. सारं आतमधी बंद राह्यते."

अर्ज मात्र टेबलाखालच्या गठ्ठ्यात गेला.

आठवड्याभरानं देवमन नावाचा माणूस आला. डोक्यावर टोपी, हातात फळांची पिशवी, बोलणं गोड. "मी जमुनाचा भाऊ, म्याडम. माय लय आजारी हाय, अन् तिचा पत्ताच नाई आमच्यापाशी." भावाजवळ बहिणीचा पत्ता कसा नाही, हा प्रश्न मिस्बाहच्या मनात आला होता. पण मागं रांग होती. शिवाय, आपण सांगू शकतो, हे दाखवायचीही तिला हौस होती. तिनं गठ्ठा सोडला, अर्ज काढला आणि गल्लीसकट पत्ता वाचून दाखवला.

महिना झाला असेल. जमुना पुन्हा आली. डावा हात प्लास्टरमध्ये होता.

"पत्ता बदलवा लागते, बाई. नवरा आला होता तिथं. लेकरांइच्या समोर, शाळेत मारलं मले. पोलिसात केस केली, पण तो जामिनावर सुटला." मग खालच्या आवाजात तिनं विचारलं, "मी तर मायलेबी पत्ता सांगतला नव्हता. या मशीननं तर नसन सांगतला त्याले?"

फळांची पिशवी घेऊन आलेला तो 'भाऊ' म्हणजे हिचा नवराच, हे मिस्बाहच्या ध्यानात आलं. "मशीन नाई सांगत, ताई," ती म्हणाली. ते खरंच होतं. पत्ता आपणच दिला, हे मात्र तिनं सांगितलं नाही. तिनं जमुनाच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून काचेवर धरली, अकोल्याचा नवा पत्ता टाकला, पावती दिली. "लय चांगली हाय तू," असं म्हणून जमुना गेली.

त्या दिवशी मिस्बाहला जेवण गेलं नाही. तिनं वडिलांना सगळं सांगितलं. गादीला टाके घालणारा दाऊदमियांचा हात थांबला.

"और तूने उसको बोला नहीं?"

"नहीं, अब्बा."

"फिर तो दो बार किया तूने."

अकोल्याला जाऊन जमुनाचे पाय धरावेत, असं तिला वाटलं. पण तो पत्ता तिला कळला होता तो त्याच खुर्चीत बसून. तो वापरायचा तिला हक्क नव्हता. म्हणून ती वलगावच्या पोलीस ठाण्यात गेली. तिथल्या भावना नावाच्या शिपाईबाईसमोर लिहून दिलं: पत्ता मी दिला, जमुनाला न विचारता दिला, नंतर लपवलं. केंद्रानं तिला त्याच आठवड्यात काढून टाकलं. चार दिवसांनी भावनाबाईंचा फोन आला. "जमुनाताईले सांगितलं मी. लिहून देल्लं ते बरं झालं म्हने. पण भेटाले येऊ नको म्हने."

खटला अमरावतीला चालला. मिस्बाह साक्षीला उभी राहिली. वकिलानं विचारलं, पत्ता कोणी दिला? भरल्या कोर्टात तिनं "मी" म्हटलं. आवाज इतका बारीक होता, की पुन्हा सांगावं लागलं. देवमनला शिक्षा झाली. बाहेर व्हरांड्यात जमुना तिच्या अगदी जवळून गेली. मिस्बाह भिंतीला टेकून खाली पाहत उभी होती. जमुना थांबली नाही.